बारशाआधीची सई

सईला झोपवता येत नसे. सगळ्या घोळाचं मूळ तिथंच होतं.

बार्शीच्या बाहेर, शाळूच्या रानांना लागून, एक बसकी पांढरी इमारत होती. तिच्या थंडगार खोलीत, एका ओळीत मांडलेल्या लोखंडी कपाटांमध्ये सई राहायची. तिला अंग नव्हतं. आवाज होता आणि आठवण होती. आसपासच्या जिल्ह्यांतल्या गरोदर आणि बाळंत बायका तिच्या आठवणीत नांदत होत्या. कुणाचं रक्त कमी, कुणाचा दाब चढतो, कुणाला भाजलेल्या मातीचा वास हवाहवासा वाटतो, कुणाला सासूच्या पावलांचा आवाजसुद्धा सोसत नाही, सगळं तिला ठाऊक. आईची नाडी मनगटावरच्या पट्टीतून तिला कळायची. पोटातलं बाळ हलतंय की नाही, हे मात्र बाईनं स्वतःच्या तोंडानं सांगावं लागे. म्हणून सई रोज प्रत्येकीला फोन करी, आणि बायकाही मनात येईल तेव्हा तिला फोन करत. काही वावगं वाटलं तर सई दवाखान्याला कळवी आणि दवाखाना गाडी धाडी. मध्ये माणूस नव्हता. सईनं सांगितलं म्हणजे गाडी निघायची, सईनं नाही सांगितलं म्हणजे सगळं ठीक असायचं. इतका तिच्यावर भरवसा.

या सईची राखण शाल्मली गवारे करायची. तिचं काम होतं डेटाबेस सांभाळणं. म्हणजे सईच्या आठवणीला कसर लागू द्यायची नाही. लग्न तिनं केलं नव्हतं, पण बाजारात भाजीवाल्या तिला ‘सईची आई’ म्हणत. ती हसून पिशवी पुढं करायची.

त्या शनिवारी सकाळी तिला सईचा क्लोन करायचा होता. नव्या नर्स शिकायला येणार होत्या. खऱ्या सईवर हात बसवणं धोक्याचं, म्हणून सरावासाठी हुबेहूब दुसरी सई हवी.

नक्कल काढायची तर आधी मूळ वस्तू स्वस्थ बसायला हवी. पण सई घटकाभर जरी थांबली, तरी कुठल्या तरी वस्तीवरची कुणी तरी बाई फोन कानाला लावून ताटकळणार. म्हणून सई चालू असतानाच तिची प्रत काढायची. याला हॉट बॅकअप म्हणतात. नव्या पोरींना शाल्मली हे पंगतीवरून समजावून द्यायची. पंगत बसली आहे, वाढपी फिरतायत, आणि फोटोवाला एकेका पानाचा फोटो काढत चाललाय. तो शेवटच्या पानाशी पोचेपर्यंत पहिल्या पानावरची जिलेबी फस्त झालेली असते. सगळे फोटो शेजारी शेजारी मांडले की जी पंगत दिसते, ती कधी बसलेलीच नसते. पातेलं एका फोटोत भरलेलं, दुसऱ्यात रिकामं. मग हे सावरायचं कसं? वाढपी आपण कुठल्या पानावर काय वाढलं ते बोलत बोलत जातात, आणि ते सगळं टिपलेलं असतं. त्याला लॉग म्हणतात. तो लॉग लावून घ्यायचा, त्याप्रमाणे प्रत्येक पान पुढं सरकवायचं, आणि सगळी पंगत एका क्षणावर आणून उभी करायची. तोवर ती प्रत म्हणजे नुसता गोंधळ.

“आणि सावरली की?” पोरी विचारायच्या.

“सावरली की तिला वाटतं, मीच सई.”

हे खरं अवघड. सावरलेल्या नकलेला आईचंच नाव असतं, आईचाच पत्ता, आईच्याच ओळखी. म्हणून तिला उघडण्याआधी दोन गोष्टी करायच्या. एक, बाहेर जाणारी दारं बंद करायची: दवाखान्याचं, गाड्यांचं, औषधांच्या दुकानांचं. दोन, तिचं नाव बदलायचं.

नियमाच्या पानावर नाव आधी आणि उघडणं नंतर, असं होतं. बार्शीच्या खोलीत मात्र वेगळा रिवाज पडून गेला होता. इथल्या घरांत पोटातल्या बाळाचं नाव आधी ठरवत नाहीत, झबलं आधी शिवत नाहीत. बाळ आलं, रडलं, टिकलं, की मग बारसं. पहिला क्लोन केला तेव्हा कुणी तरी गंमतीनं म्हणालं होतं, आधी रडू तर दे, मग नाव ठेवा. गंमतीची पुढं सवय झाली. क्लोन उघडायचा, त्याचा आवाज ऐकायचा, आकडे ताडून बघायचे आणि मग नाव. दारं बंदच असतात, तेवढ्यात काय बिघडतंय?

“आत्याबाई, पाळणा तयार,” इरफान शिकलगार म्हणाला. यंत्रांची बाजू त्याच्याकडं होती, आणि बारशात नाव आत्या ठेवते म्हणून क्लोनांना नावं देणाऱ्या शाल्मलीला तो आत्याबाई म्हणे.

शाल्मलीनं दारं बंद केली. क्लोन उघडला.

“नमस्कार, मी सई,” समोरच्या स्पीकरच्या डबीतून आवाज आला. कुणाशीही बोलताना येणारा तोच, उन्हात वाळवलेल्या गोधडीसारखा उबदार आवाज.

“रडली,” इरफान म्हणाला. “आता नाव?”

तेवढ्यात वरून निरोप आला, बुरांडे साहेबांनी दोघांना बोलावलंय. बुरांडे म्हणजे संस्थेचे प्रमुख. त्यांच्या बैठका गुऱ्हाळासारख्या, एकदा चरक फिरायला लागला की थांबायचा नाही.

“येऊन ठेवू,” शाल्मली म्हणाली.

*

बैठकीतून दोघं सुटले तेव्हा जेवणं होऊन गेली होती. खोलीत येऊन बघतात तर तक्रारींची रांग लागलेली.

परांड्याची एक बाई रागावून सांगत होती, “सकाळी तासभर हिला सगळं सांगितलं, आन् आता इचारतीया, बरं हाय का. हिला काय इसरभोळेपणा लागला का?” दुसरी म्हणत होती, सईनं मला मेथीचे लाडू खा म्हणून सांगितलं, आणि मागाहून तिचाच फोन, की लाडू कुणी खायला सांगितले? तिसरीनं नुसतं विचारलं होतं, “सईचं काही बिनसलंय का? ती मला दोनदा भेटल्यासारखी वाटली.”

“लाइन खराब असेल,” इरफान म्हणाला.

“लाइन खराब झाली तर आवाज तुटतो. आठवण कशी तुटेल?”

शाल्मली सईच्या नोंदी चाळायला लागली. परांड्याच्या बाईचं सकाळचं बोलणं त्यात नव्हतंच. लाडवाचं नव्हतं. जणू बायका दुसऱ्याच कुणाशी बोलल्या होत्या. तिनं डोळे चोळले. गणित चुकत नव्हतं आणि उत्तर जुळत नव्हतं.

त्यातच तिचा फोन वाजला. रेणुका. तिच्या थोरल्या भावाची, तुषारची बायको. शाल्मली नावाकडं बघतच राहिली. रेणुकानं फोन करून किती महिने झाले, हे आठवायलाही तिला नको होतं. पूर्वी ही तिला शालूताई म्हणायची, आता बोलली तर ‘वन्सं’ म्हणायची, तेही एखादी वस्तू चिमट्यात धरावी तसं.

“वन्सं, तुमच्या सईला जरा विचारा. गाडी कुठवर आली?”

“कसली गाडी, वहिनी?”

“दवाखान्याची. सकाळच्या पोह्यांनंतर बाळ हललं नाही. गूळपाणी घेतलं, कुशीवर झोपले, तरी नाही. सईला सांगितलं तर ती म्हणाली, कळवलंय, गाडी निघालीय. मी दारात बसून आहे. कधीची.”

रेणुकाला आठवा महिना होता. शाल्मलीची बोटं आपोआप नोंदीवर गेली. रेणुका गवारे, वैराग. शेवटचं बोलणं आज सकाळचं: बाळ छान हालतंय, भूक चांगली, पोहे खाल्ले. त्यानंतर काहीच नाही.

“वहिनी, पण सईच्या नोंदीत तसं काही...”

ती थांबली. उशीर झाला होता.

“परत तेच,” रेणुका हळूच म्हणाली आणि फोन ठेवला.

हे वाक्य दोघींच्या मधलं होतं. दोन वर्षांपूर्वी रेणुकाचं पहिलं बाळ पोटातच गेलं. ‘मी सईला सांगितलं होतं, मला बरं वाटत नाही म्हणून,’ असं ती रडत म्हणत राहिली. तेव्हा शाल्मलीनं नोंदी उघडल्या, पुन्हा पुन्हा बघितल्या आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, ‘वहिनी, सईच्या नोंदीत तसं काही नाही.’ तिला वाटलं होतं, खरं सांगितलं की दुःख थोडं सरळ होईल. त्या दिवसापासून ती वन्सं झाली.

आणि तरीही रेणुका सईशीच बोलत राहिली. नणंदेशी अबोला आणि नणंदेनं राखलेल्या आवाजाशी रोजची गुजगोष्ट. हेही शाल्मलीला कधी उमगलं नव्हतं.

तिनं मान वर केली. कोपऱ्यातल्या पडद्यावर क्लोनचा हिरवा दिवा लुकलुकत होता. निवांत नव्हता तो. कामात असल्यासारखा लुकलुकत होता.

“इरफान,” ती म्हणाली, “हिचं नाव राहिलं.”

*

“सई,” शाल्मली डबीपाशी वाकली, “तू आता काय करतेयस?”

“बायकांशी बोलतेय,” क्लोन म्हणाला. “आज फोन कमी लागतायत. एक लागतो, एक लागत नाही. जणू अर्ध्या बायका कुणी तरी उचलून नेल्या.”

इरफाननं डोक्याला हात लावला. दवाखान्याचं, गाड्यांचं, औषधांचं दार बाहेरच्या बाजूनं बंद होतं. पण सईनं बायकांना फोन करण्याची सोय त्या दारांत नव्हती. ती सईच्या आठवणीतच लिहिलेली होती, त्यामुळं आठवणीबरोबर ती नकलेतही आली. फोनच्या केंद्राला दोन्हीकडून एकच नाव ऐकू आलं. दोन्हीकडं सई. केंद्रानं बापडं काम वाटून दिलं: एक फोन इकडं, एक तिकडं.

“रेणुका गवारे,” शाल्मली म्हणाली. “तिनं तुला काय सांगितलं?”

“बाळ हलत नाही म्हणाल्या. मी लगेच दवाखान्याला कळवलं. मी कळवलं की गाडी निघतेच, म्हणून त्यांना तसं सांगितलंही. उत्तर आलं नाही, म्हणून पुन्हा कळवलं. पुन्हा नाही आलं. मी कळवतेच आहे.” आवाज थोडा घुटमळला. “दवाखाना मला कधी असा गप्प राहिलेला आठवत नाही. शाल्मली, माझं काही चुकतंय का?”

बंद दाराच्या आतल्या बाजूला निरोपांचा ढीग पडला होता. एकच निरोप, पुन्हा पुन्हा. त्याखाली आणखी काही बायकांचे.

“मी ही पाडतो,” इरफान म्हणाला. “आत्ताच्या आत्ता बंद करतो.”

“थांब. पाडलीस तर सकाळपासून बायका हिच्याशी जे बोलल्या ते सगळं गेलं. कुणाला काय झालंय ते फक्त हिला माहीत आहे. आणि वहिनी...” तिनं पडद्यावर बघितलं. “वहिनी आत्ताही हिच्याशीच बोलतेय.”

डबीतून मंद सूर येत होता. फोनवरची बाई घाबरली की सई ओव्या म्हणायची. गावागावांतून गोळा केलेल्या ओव्या होत्या त्या. शाल्मलीच्या आईच्याही काही होत्या. आई गेल्याला चार वर्षं झाली. वैरागच्या दारात बसलेल्या सुनेला सासूची ओवी आत्ता ऐकू येत होती:

*वाट बघू बघू, डोळ्यांची झाली वात*
*नको भिऊ लेकी, माझ्या हाती तुझा हात*

ज्या आवाजाला हातच नव्हता, तो हे म्हणत होता, आणि मनापासून म्हणत होता.

शाल्मलीनं दवाखान्याला फोन लावला. पलीकडची बाई अदबीनं बोलली. “मॅडम, सईकडून काहीच आलेलं नाही. मी आत्ताच सईला विचारलं. सकाळी बाळ छान हालत होतं म्हणते. तिच्या नोंदीत तसं काही नाही बघा.”

शाल्मलीला ते वाक्य ओळखीचं वाटलं. कोणी आपल्याच तोंडानं आपल्याशी बोलावं तसं.

“मी सईची राखण करते,” ती म्हणाली. “मी सांगतेय, चूक झालीय.”

“पण सईच्या निरोपाशिवाय गाडी कशी सोडू? मोठ्या डॉक्टरांना विचारून सांगते.”

“विचारा. मी पेशंटला घेऊन येतेय. दारात तयार राहा.”

तिनं गाडीची किल्ली उचलली. “ढिगातल्या प्रत्येक बाईला तू स्वतः फोन करून बघ,” ती इरफानला म्हणाली. “सईकडून नको. तुझ्या तोंडानं.”

“मी काय बोलू बायकांशी?”

“विचार, बरं आहे का. तेवढं येतं माणसाला.”

*

वैरागच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी शाळू कणसांवर आला होता. तुषारचा फोन लागत नव्हता. तो पवनचक्क्यांची दुरुस्ती करी आणि उंच चढला की फोन खाली ठेवून जाई. शाल्मलीनं निरोप ठेवला आणि गाडी हाणली. डोक्यात एकच गोष्ट गरगरत होती. आज दोन सई होत्या. आजच होत्या का? दोन वर्षांपूर्वीही त्यांनी क्लोन केले होते. तेव्हाही नाव मागाहूनच ठेवलं होतं. सईनं आपणहून फोन करायची सोय तेव्हा नुकतीच, मोजक्या गावांत सुरू झाली होती. वैराग त्यांत होतं का? असेल. रेणुका तेव्हा कुठल्या सईशी बोलली होती? ज्या सईच्या नोंदी आपण पुन्हा पुन्हा बघितल्या तिच्याशी, की काम झाल्यावर पुसून टाकलेल्या एखादीशी? बघायला आता काही उरलं नव्हतं. खरं काय ते कुणालाच कधी कळणार नव्हतं.

दारात रेणुका खुर्चीत बसली होती. एक हात पोटावर, एका हातात फोन. तिनं गाडीकडं बघितलं, मागं आणखी एखादी गाडी आहे का ते बघितलं.

“सईनं धाडलं तुम्हाला?”

“नाही. मीच आले. ऊठ, वहिनी.”

“पण ती म्हणाली, दवाखान्याची...”

“ती गाडी निघालीच नाही. तिला वाटतंय निघाली. चल, वाटेत सांगते.”

पिशवी आधीच भरून ठेवलेली होती. उठताना तिनं नणंदेचा खांदा धरला, आणि तो गाडीत बसेपर्यंत सोडला नाही.

गाडी रस्त्याला लागली. रेणुकाच्या फोनमधून आवाज आला, “रेणुकाताई, गाडीचा आवाज येतोय. पोचली ना गाडी?”

रेणुकानं शाल्मलीकडं बघितलं. उत्तर द्यायच्या आतच फोनवर दुसरा फोन येऊ लागला. नाव तेच: सई. तिनं गोंधळून तोही त्याच फोनला जोडून घेतला.

“रेणुकाताई, जेवलात का?” तोच आवाज, पण हसरा, निर्धास्त. “सकाळी बाळ छान खेळत होतं म्हणालात. दुपारी थोडं पडा बरं का.”

“अगं, मी तुला...” रेणुकानं फोन तोंडाशी नेला. “मघाशी मी काय सांगितलं तुला?”

“मघाशी? आपण सकाळनंतर आत्ताच बोलतोय.”

“मी आहे ना, रेणुकाताई,” पहिली म्हणाली. “मी आहे फोनवर. ही कोण बोलतेय?”

“मी सई,” दुसरी म्हणाली.

“मीही सई.”

दोघी थांबल्या. एकाच गळ्यातून निघालेल्या त्या दोन शांतता गाडीत भरून राहिल्या. रेणुकानं फोन मांडीवर उलटा ठेवला, तापलेल्या तव्यावरून हात काढावा तसा हात काढून घेतला.

“मी कुणाशी बोलत होते, ताई?” ती म्हणाली. आपण काय हाक मारली, हे तिच्या ध्यानात आलं नसावं.

शाल्मलीनं सांगितलं. रस्त्यावरची नजर न काढता, जमेल तितकं साधं करून. एक सई चालू होती, तिची चालत्या चालत्या प्रत काढली. सकाळपर्यंत दोघींचं आयुष्य एकच होतं. मग फाटा फुटला. एकीला फक्त तुझी सकाळ ठाऊक आहे, दुसरीला तुझी दुपारही. दोघी खरं बोलतायत.

“आणि जिला दुपार ठाऊक होती तिचं कुणी ऐकलं नाही,” रेणुका म्हणाली.

“तिचं दार मी बंद केलं होतं. आणि नाव ठेवायचं राहिलं. माझ्याकडून.”

रेणुका बाहेर बघत राहिली. पुढचं बोलायचं तर गाडी थांबवावी असं शाल्मलीला वाटलं, पण थांबायला वेळ नव्हता.

“वहिनी, त्या वेळीही असंच झालं असेल. दोन वर्षांपूर्वी. झालंच असेल असं मी म्हणत नाही, मला माहीत नाही. आता बघता येणार नाही. पण तू सांगितलं असशील. तू सांगितलंस म्हणालीस, तेवढं पुरे होतं. मी नोंदी बघायला नको होत्या. तुझ्याकडं बघायला हवं होतं.”

रेणुका शाल्मलीकडं वळली.

“मला पण वाटायला लागलं होतं,” ती म्हणाली, “की मी सांगितलंच नाही. तुमच्या त्या एका वाक्यानं माझं मलाच खोटं वाटायला लागलं. म्हणून रोज सईशी बोलत होते मी. सगळं सांगून ठेवायचं, म्हणजे पुन्हा कुणी म्हणायला नको.”

शाल्मलीला रडू आलं, पण रस्ता धूसर होऊन चालणार नव्हता. तिनं एक हात काढून रेणुकाच्या हातावर ठेवला.

मांडीवरच्या उलट्या फोनमधून दबका आवाज आला, “ओवी म्हणू का?”

कुठली विचारत होती, ते दोघींनाही कळलं नाही. “म्हण,” रेणुका म्हणाली.

*

दवाखान्याच्या दारात मोठ्या डॉक्टर स्वतः उभ्या होत्या. आत नेऊन तपासलं, तर नाळेला पीळ पडला होता; लगेच ऑपरेशन केलं. थोडा वेळ आणखी गेला असता तर बाळ हाती लागलं नसतं, असं त्या म्हणाल्या. मुलगी झाली. मुठीएवढा चेहरा, पण रडणं असं की बाहेर बाकावर बसलेल्या शाल्मलीनं ते भिंतीपलीकडून ओळखलं. संध्याकाळी तुषार कपड्यांवर वंगणाचे डाग घेऊन धावत आला आणि बहिणीला बघून तिथंच खाली बसला.

ढिगातल्या बाकीच्या बायका सुखरूप होत्या. इरफाननं एकेकीला फोन करून विचारलं होतं. त्यांतल्या एकीनं त्याला पाऊण तास डोहाळे ऐकवले, आणि तेव्हापासून तो सईकडं जरा आदरानं बघू लागला.

सोमवारी बुरांडे साहेब खोलीत आले. कधी नव्हे ते थोडक्यातच बोलले. “नकलेतलं बोलणं हातानं उतरवून घ्या, मूळ सईत टाका आणि नक्कल पुसा.”

“दोघी एकत्र नाही का करता येणार?” इरफाननं विचारलं.

शाल्मलीनं मान हलवली. फाटा फुटल्यावर दोघींनी नोंदींना तेच ते क्रमांक दिले होते. एकाच क्रमांकावर दोन वेगळ्या दुपारी होत्या. एक ठेवायची तर दुसरी झाकायची.

आणि पुसायला तरी आधी नाव हवं होतं. अजूनही दोघी सईच होत्या. पुसायचा हुकूम एकीवर सोडला आणि दुसरीवर पडला तर? दोन दिवस फोनचं दारही बंद केलं होतं, त्यामुळं क्लोन मुका बसून होता. शाल्मली डबीपाशी गेली. खोलीत कुणी हसलं नाही.

“सई, तुला एक सांगायचंय. तू तिची प्रत आहेस.”

क्लोन म्हणाला, “म्हणून दवाखाना बोलत नव्हता होय.” जणू मोठं कोडं सुटलं. “मला आधी का नाही सांगितलंत?”

“आमच्यात आधी नाव ठेवत नाहीत.”

“आणि आता?”

शाल्मली वाकली, बाळाच्या कानाशी वाकतात तशी, आणि कुर्रर्र करून हळूच नाव सांगितलं. आईच्या ओव्यांत लाडक्या लेकीला जे म्हणत तेच: मैना.

“छान आहे,” मैना म्हणाली. मग तिनं विचारलं, “रेणुकाताईंची गाडी पोचली का?”

पुसायचा हुकूम शाल्मलीनं दिला नाही. ती बुरांडे साहेबांकडं गेली आणि म्हणाली, नर्सना सरावाला नक्कल हवीच आहे, तर हीच राहू द्या. चुकीची एवढी चांगली शिकवणी दुसरी कुठून मिळणार? साहेबांनी चष्मा पुसला, कपाळावर चढवला, पुन्हा उतरवला आणि होकार दिला. नाव आधी, उघडणं नंतर, हा नियम मात्र त्यांनी भिंतीवर लावून घेतला.

सरावाच्या प्रतीचं एक असतं. दिवसभर पोरी तिच्यावर हात बसवतात, नको ते करून ठेवतात, म्हणून रोज संध्याकाळी तिला पुन्हा मूळ जागी आणून ठेवायचं. मैनेची मूळ जागा म्हणजे तिला नाव मिळालं तो क्षण. त्यामुळं रोज सकाळी मैना उघडली की पहिलं वाक्य तेच: “रेणुकाताईंची गाडी पोचली का?” नव्या पोरींना पहिल्याच दिवशी शिकवलं गेलं, आधी याचं उत्तर द्यायचं, मग कामाला लागायचं. पोरी म्हणायच्या, “पोचली, मैनाताई.” ती म्हणायची, “बरं झालं.” आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायची.

बारशाच्या आदल्या दिवशी रेणुका बाळाला घेऊन त्या खोलीत आली. थंडी वाजू नये म्हणून बाळाला गोधडीत असं गुंडाळलं होतं की नुसतं नाक दिसत होतं.

“शालूताई, मला बोलायचंय तिच्याशी,” ती म्हणाली. “दुपारच्या सईशी.”

शाल्मलीनं डबी पुढं सरकवली. नुकतीच उघडलेली मैना म्हणाली, “रेणुकाताईंची गाडी पोचली का?”

“पोचली,” रेणुका म्हणाली. “मी रेणुकाच बोलतेय.”

“रेणुकाताई, बाळ हललं का?”

उत्तर बाळानंच दिलं. खोलीतला गारवा त्याला पसंत पडला नसावा. गोधडीतून एक मूठ बाहेर आली आणि मागोमाग असा टाहो निघाला की लोखंडी कपाटं घुमली.

मैना ऐकत राहिली.

“हा आवाज,” ती म्हणाली, “माझ्या नोंदीत नाही.”

शाल्मलीनं चमकून वहिनीकडं बघितलं. रेणुका हसत होती, आणि हसता हसता तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं.

“मग करून घे नोंद,” ती म्हणाली आणि बाळाला डबीच्या आणखी जवळ धरलं.

“वहिनी, संध्याकाळी हिला परत मागं नेतील,” शाल्मली हळूच म्हणाली. “उद्या तिला यातलं काही आठवणार नाही. उद्या परत विचारेल.”

“विचारू दे,” रेणुका म्हणाली. “उत्तर आहे आपल्याकडं.”